मयत काकांचा परदेशप्रवास

सर्व होतकरू प्रवाशांस, त्यांच्या पालकांस व जामीनदारांस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, परदेशी जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असून, आजवर घरात दाबून ठेवलेला तो मार्ग आज जाहीर करण्यात येत आहे. तिकीट लागत नाही. जेवणाचा खर्च नाही. कस्टमवाले अदबीनं वाट सोडतात. अट एकच. प्रवाशानं निघण्यापूर्वी मेलेलं असावं.

हसू नका. माझे धाकटे काका असे गेले. मी बरोबर होतो.

काका रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं द्यायचे. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांना भाऊच्या धक्क्याला धाडलं आणि स्वतः त्या लाकडी खिडकीत बसून राहिले. पण त्यांना परदेशाचं वेड होतं. मुरूड-श्रीवर्धनकडचे जहाजावर नोकरीला असलेले लोक सुट्टीवर घरी जाताना भेटले, की काका त्यांना खिडकीशी अडवायचे. चहा पाजायचे आणि पिळून घ्यायचे. कमीत कमी खर्चात बसऱ्याला कसं पोचायचं? शिडाच्या पडावावर खलाशी म्हणून चढायचं, जाताना दोर ओढायचे, येताना खजुरावर झोपायचं. आफ्रिकेला? डेकचं तिकीट काढायचं, सुकट आणि कांदे घरून न्यायचे, बोटीवरचं काही विकत खायचं नाही. किंवा एखाद्या गुजराती शेठचा स्वयंपाकी व्हायचं. काकांचा सल्ला ऐकून आमच्या पंचक्रोशीतली दोन माणसं खरोखर मोंबासाला पोचली. काका खिडकीतच राहिले. कॉटखाली त्यांची पत्र्याची ट्रंक कायम भरलेली असे. कुणी विचारलं तर म्हणत, "निघायचंच आहे. जरा पावसाळा होऊ दे."

असे पंचवीसेक पावसाळे झाले आणि एक दिवस काका खिडकीतच, बसल्या जागी गेले. पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, सुटे मोजतायत.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी तेव्हा मुंबईला एका कारखान्यात फिटर होतो. दिवसांसाठी घरी आलो. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोर खुंटावर येऊन बसला, मान वाकडी करून भाताकडे बघू लागला, पण खाली उतरेना. मयताची इच्छा राहिलेली दिसते, म्हणून एकेकजण पुढे होऊन वचन देऊ लागला. माझे वडील हात जोडून म्हणाले, "तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाय." कावळ्यानं पंख साफ केला. कुणी म्हणालं, "घरावर नवी कौलं घालतो." कावळ्यानं पाठ फिरवली. विडी पेटवून ठेवली, चहा आणून ठेवला. ऊन डोक्यावर आलं. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं आणि आमच्या पोटात त्या कावळ्याचे सगळे भाऊबंद ओरडत होते.

शेवटी काकीचा भाऊ उठला. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. मोठा बोलका माणूस, आणि भूक अजिबात सहन न होणारा. तो ओरडला, "आरं बाबा, परदेशाला नेतो तुला! मग तर झालं?"

कावळा असा झेपावला की पिंडाबरोबर पळसाचं पानही घेऊन गेला.

 मग माझ्या वडलांनी सावकाश मान वळवली आणि मामाला विचारलं, "कधी नेतोस?"

"मी?" मामा म्हणाला. "मला तर दमा हाय."

आम्ही जेवलो आणि विसरलो. विसरली नाही ती काकी. काका-काकींना मूल नव्हतं. धक्क्याजवळच्या दोन खोल्यांत ती आता एकटी होती. महिनाभरानं मी सुट्टीवर आलो तेव्हा तिच्याकडे बघवेना. गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेले. मला म्हणाली, "बस. दुपारची लाँच येऊ दे."

आम्ही ओटीवर बसून राहिलो. लाँचची शिट्टी झाली. माणसं उतरून गेली, गलका ओसरला. आणि आतल्या रिकाम्या खोलीतून आवाज आला. टर्र. तिकीट फाडल्याचा. थोडं थांबून पुन्हा, टर्र. घाई नाही, गडबड नाही. समोर रांग असावी असा.

मी थट्टेखोर माणूस. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या दुपारी काकीनं दिलेला पाण्याचा तांब्या मी एका दमात रिकामा केला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. लाँच आली की." ती म्हणाली. "वचन दिलंय ना. वाट बघतायत. मला न्हाय झोप लागत, न्हाय घास उतरत. असंच चाललं तर मी न्हाय वाचायची रं."

हे तिचं बोलणं नाटकी नव्हतं. ती खरोखर झिजून चालली होती. तेव्हा काकांना परदेशी न्यायचं ठरलं. प्रश्न इतकाच उरला, की कुठं, आणि कसं परवडेल. आफ्रिका आमच्या आवाक्याबाहेर होती. बसऱ्याच्या पडावावर काकीला कोण चढवणार? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणालो, "गोवा."

"गोवा व्हय परदेश?" मामा म्हणाला. "तिकडं मासे-भातच खातात."

"फिरंग्याचं राज्य, फिरंग्याचा पैसा, फिरंग्याचा पोलीस," माझे वडील म्हणाले. "परदेशाला आणखी काय शेपूट लागतं?"

काकीनं ग्रामदेवतेला कौल लावला. उजवा मिळाला. गुरवानं दुपारच्या लाँचच्या वेळी आतल्या खोलीत एक सोललेला नारळ नेऊन ठेवला, काकांना हाक मारली, आणि आवाज थांबल्यावर नारळ कोऱ्या फडक्यात बांधून काकीच्या पदरात दिला. त्याच्या आधी मीच तो नारळ कानाशी हलवून पाहिला होता. पाणी छान वाजत होतं. बांधल्यावर पुन्हा हलवला. वाजलं नाही. मी गुरवाकडे पाहिलं. तो दक्षिणा कनवटीला लावत म्हणाला, "जागा भरली."

काकी आणि मी नारळ घेऊन भाऊच्या धक्क्यावरून गोव्याच्या बोटीत चढलो. सर्वांत खालचा वर्ग. तिथं आसन नसतं; ज्यानं चटई आधी पसरली त्याची जागा. काकीनं चटई तिघांची पसरली. एका कडेला ती, दुसऱ्या कडेला मी, मध्ये फडक्यातला नारळ. गर्दी दाटली, माणसं माणसांवर बसू लागली, तशी एक तोंडाळ बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो बाई, एवढी मोकळी जागा सोडलीये, इथं कोण बसलंय?"

"आमचे हे," काकी म्हणाली.

"कुठं गेलेत?"

"कुठं न्हाय गेले. बसलेत."

बाईनं चटईकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, काकीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मग एक पोर काखेत, एक बखोटीला धरून ती जी निघाली ती बोटीच्या दुसऱ्या टोकाला. बातमी पसरली. थोड्याच वेळात आमच्या भोवती एवढी जागा झाली, की वरच्या वर्गाच्या लोकांनी हेवा करावा. काटकसरीनं प्रवास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मी फुशारून पाय पसरले. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. मी दोन तिकिटं पुढं केली. त्यानं एकेक घेऊन कोपरा फाडला. टर्र, टर्र. आणि मग, त्याचे दोन्ही हात रिकामे असताना, आणखी एक टर्र. तपासनीस आपल्या बोटांकडे बघत राहिला. मी पाय आखडून घेतले.

दुपारी बोट आमच्याच किनाऱ्यावरून दक्षिणेला चालली. अलिबाग मागे पडलं, काशीदची पांढरी पुळण दिसू लागली. काकीनं आपला मुलूख समुद्राच्या बाजूनं कधी पाहिला नव्हता. इतके डोंगर, इतकी झाडं, आणि माणूस एकही दिसत नाही. ती खूप वेळ बघत होती.

"मेल्यावर असंच दिसत असंल," ती म्हणाली. मग नारळावरचं फडकं सारखं करत, माझ्याकडे न बघता बोलू लागली. "त्यांची एकदा नोकरी लागली होती. बोटीवर. भांडारी म्हणून, सैपाकाला. लगीन होऊन वर्ष झालं होतं. ट्रंक घेऊन दारापातुर गेले. मी चौकट धरून उभी राहिले. म्हटलं, मला एकटीला घरात भ्या वाटतं.  त्यांनी ट्रंक कॉटखाली सारली नि धक्क्यावर गेले. पुन्हा कधी तो विषय न्हाय काढला. गावाला सांगायचे, पावसाळा होऊ दे."

  दोघांच्या मध्ये तो नारळ होता, आणि खरं सांगतो, तो ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. तेव्हा गोव्याची नाकेबंदी अजून सुरू व्हायची होती, बोट सरळ धक्क्याला लागायची आणि तिथं फिरंग्यांचे कस्टमवाले सामान उचकायचे. आमच्या वाट्याला आला तो एक गोवेकर ख्रिस्ती कारकून होता, पांढऱ्या कपड्यातला. त्यानं फडकं सोडलं आणि हसूच लागला.

"गोंयांत नाल्ल?" नारळांनी भरलेल्या मुलखात आम्ही मुंबईहून नारळ आणला होता. त्याला आधी मौज वाटली, मग संशय आला. त्यानं नारळ कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. त्याचं हसू गेलं. पाणी वाजत नाही म्हणजे पोखरून आत काही भरलंय, असा हिशेब त्यानं केला, आणि शिपायाला कोयता आणायला सांगितलं.

 नारळ तिथं धक्क्यावर फुटला असता, तर काका धड ना देशात, धड ना परदेशात. काकीनं झडप घालून कारकुनाचं मनगट धरलं.

"फोडू नको रं बाबा! त्यात आमचे हे हायत!"

शब्द आमच्याकडचे होते, पण कारकुनाला कळले. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग नारळ कसा ठेवला म्हणता? झोपलेलं मूल ठेवावं तसा. हात विजारीला पुसले, कपाळ, छाती, खांदे यांवरून बोटं फिरवली, आणि मान वळवून, हातानं आम्हाला पुढे हाकत म्हणाला, "वचात, वचात बेगीन." अशा रीतीनं काका विनाकागदपत्र, विनाखर्च परदेशात शिरले.

गुरवानं सांगितलं होतं, तिथल्या पाण्यात सोडा, ते तिथले होतील. आम्ही नदी समुद्राला मिळते तिथवर चालत गेलो. काकीनं हळदकुंकू वाहिलं, नारळ पाण्यात सोडला. लाटेनं तो परत आणून तिच्या पायाशी ठेवला. भरती लागली होती. आम्ही किनाऱ्यावर जन्मलेली माणसं, एवढं कळायला हवं होतं. म्हणून बसलो. बांधून आणलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. ओहोटी लागली, ओली वाळू उघडी पडली, पाणी डोळ्यांदेखत बाहेर चाललं. काकीनं नारळ पुन्हा सोडला.

काटक्या बाहेर जात होत्या. फेस बाहेर जात होता. नारळ आत येत होता. सावकाश, इकडे-तिकडे न वळता, तिच्याकडे. तिनं ढकलला, तो आला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. नदीच्या मुखाशी पाणी उलटं फिरतं, असं कुणी मला समजावून सांगेल. सांगू दे.  जाळी ओढणारे तिथले कोळी काम थांबवून बघू लागले.

काकीचा चेहरा मी पाहिला. आता ती रडेल, नारळ पोटाशी घेईल, आणि आम्ही तिघंच्या तिघं रेवसला परत जाऊ, असं मला वाटलं; आणि तसं झालं तर ही बाई पुढचा पावसाळा बघत नाही, हेही वाटलं. ती रडली नाही. तिनं काष्टा घट्ट खोचला, नारळ उचलला आणि कंबरभर पाण्यात शिरली. ज्या बाईनं नवऱ्यापुढे जन्मात आवाज चढवला नव्हता, तिनं दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर नेला आणि होता नव्हता तो जोर लावून भिरकावला. नारळ लांब जाऊन पडला, बुडला, वर आला, तिथंच घुटमळला. आणि मग मात्र बाहेर चालू लागला, बाहेर, आणखी बाहेर, दिसेनासा होईपर्यंत. तो वळला तो तिच्या ओरडण्यामुळं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली होती:

"जावा हो आता! एकटीला न्हाय मला भ्या वाटत, तुमचंच वाटतं!"