जास्त दाखवणारा काटा

समजा, तुम्ही एका बॉयलरसमोर उभे आहात. वाफेचा दाब दाखवणारी दोन गेज लावलेली आहेत. एकाचा काटा म्हणतो, सगळं ठीक आहे. दुसऱ्याचा लाल रेषेपाशी थरथरतोय. कुणाचं ऐकाल?

माझ्या काकांचं उत्तर ठरलेलं असायचं. "जास्त दाखवणाऱ्याचं. तो खोटा निघाला तर थोडं इंधन फुकट जाईल. दुसरा खोटा निघाला तर छप्पर जाईल." सगळी नोकरी त्यांनी कारखान्याच्या बॉयलरवर काढली. कुठलाही आकडा दिसला की आधी काचेवर टिचकी मारायची, मग शेजारी दुसरं गेज लावून बघायचं. कामगारांनी त्यांचं नावच 'टिचकी' ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर ते माणसांना टिचक्या मारू लागले. बँकेतला कारकून हसून बोलला तरी घरी येऊन म्हणायचे, "आज फार गोड बोलत होता. ठेवीवरचं व्याज कमी केलंय की काय?"

म्हणून शेजाऱ्यांचा जावई योजना घेऊन आला, तेव्हा काकूला वाटलं, हा दारातूनच परत जाणार. त्याने काकांचा दंड दाबून म्हटलं, "काका, अजून लोखंड आहे की!" मग योजना सांगितली. निवृत्तीची सगळी रक्कम एकदम भरायची, आजारपणाचा खर्च कंपनी बघणार, पण पैसे दहा वर्षं काढता येणार नाहीत. काकांनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं. जाताना तो रक्तदाब मोजायचं एक यंत्र भेट म्हणून ठेवून गेला.

काकांना रक्तदाबाची गोळी चालू होती, त्यामुळे घरात एक यंत्र होतंच. काकांनी दोन्ही लावून बघितली. जुनं म्हणालं, गोळी बरोबर चालली आहे. नवं भलतंच वर गेलं. काकांनी त्याच्या पडद्यावर नखाने टिचकी मारली आणि पुन्हा मोजलं. पुन्हा वरच.

"जुनं बिघडलंय," काका म्हणाले.

"नवं बिघडलेलं नसेल कशावरून?" काकू म्हणाली.

"असेलही. पण ऐकायचं जास्तीचंच."

त्या दिवसापासून ते डॉक्टरांना न विचारता अर्धी गोळी जादा घेऊ लागले. आजारपण दाराशी येऊन उभं आहे, अशी त्यांची खात्री झाली. ज्याला वाटेला लावलं होतं, त्यालाच त्यांनी फोन केला आणि सगळी ठेव मोडायला त्याच्यासोबत बँकेत गेले. त्याने बाहेरच्या टपरीवरून दोन चहा आणले. फॉर्मवर सही करायला काका खुर्चीवरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा खाली बसले. सही राहिली.

रिक्षातून घरी आले ते एकच धोशा लावत. "चहात काहीतरी घातलं होतं त्याने."

"अहो, तोही तोच चहा प्यायला ना?"

"कप वेगळा होता!"

"आणि तुम्हाला सहीआधीच पाडून त्याला काय मिळणार होतं? कपाळ!"

काकूने दोन्ही यंत्रं बाहेर काढली आणि स्वतःच्या दंडाला लावली. तिचा दंड काडीसारखा. दोन्हींचे आकडे जवळपास सारखेच आले. मग तिने नव्या यंत्राचा पट्टा काकांच्या दंडाला गुंडाळला. चिकटपट्टीचं टोक जेमतेम टेकलं.

"हा तुम्हाला पुरतच नाहीये," ती म्हणाली. "लहान मुलाचा सदरा घातल्यासारखा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं. पट्टा तोकडा असला की आकडा उगाच वर जातो. अंधारी आली ती जादा गोळीमुळे. त्यावरून त्यांनी काकांना चांगलंच झापलं. घरी येऊन काकांनी जादा गोळी बंद केली. ठेव आहे तिथेच राहिली.

पण जावई अजून जिन्यात भेटतो, तब्येतीची चौकशी करतो, "काका, सहीचं कधी बघायचं?" विचारतो. शेजारचं नातं, तोंडावर काही बोलता येत नाही. काका "बघू" म्हणून वर येतात आणि रिकामा तोकडा पट्टा हातात घेऊन बसतात. परवा मी गेलो तेव्हा तो माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं,

"तू इंजिनिअर आहेस ना, मग सांग. पहिल्या दिवशी त्याने माझा दंड दाबला, तो कौतुकाने की माप घ्यायला?"