अकरा नंबरची डबी

जंतूंवर काम करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत दुर्मीळ वस्तू म्हणजे निरोगी माणूस. आजारी हवे तितके मिळतात. पण तुलनेसाठी ठणठणीत माणसाची विष्ठा लागते, आणि ठणठणीत माणसाच्या हातात डबी ठेवली की तो एकदम लाजाळू होतो. विकास नगरातले शेजारी मला जिन्यात टाळायला लागले तेव्हा मी ठरवलं, एक डबी आपणच भरावी.

डबीबरोबर एक फॉर्म असतो. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का? घेतलं असेल तर माणूस बाद. मी बिनदिक्कत 'नाही'वर खूण केली. माझ्या डबीला अकरा नंबर मिळाला. कुठला नंबर कोणाचा ही यादी माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात. तपासणाऱ्याला ती कळू द्यायची नसते.

तपासत होती माझी पीएचडीची विद्यार्थिनी, आलमबागच्या एका मराठी रेल्वे इंजिनिअरची मुलगी, इथे उत्तरेतच वाढलेली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. तिचा हात इतका स्वच्छ की तिच्या प्लेटवर परका जंतू उगवलेला मी कधी पाहिला नव्हता.

एका सकाळी ती प्लेट घेऊन आली. आम्ही प्लेटवर जंतू पेरतो आणि वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळा गोल दिसतो. इथे एकाही चकतीभोवती गोल नव्हता. जंतू चकत्यांना खेटून मजेत वाढले होते.

"मैम, ये ग्यारह नंबर है, हेल्दी वाला," ती म्हणाली. "पर ये तो आईसीयू के पेशंट जैसा है. मुझसे ही कुछ मिक्स हो गया होगा."

माझ्या पोटात काय काय होतं ते समोर प्लेटवर दिसतच होतं.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांपुढे माझं भाषण होतं. विषय, अँटिबायोटिकचा बेजबाबदार वापर. आदल्या दिवशी घसा बसला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला म्हटलं, "भैया, कुछ तेज़ वाला दे दो." त्याने दिलेल्या पाच अँटिबायोटिक गोळ्यांतल्या दोन घेतल्या, भाषण झकास झालं, उरलेल्या तीन अजून मिसळणाच्या डब्यामागे आहेत. दोन गोळ्यांनी हे जंतू घडवले असं कुठलाही शहाणा म्हणणार नाही; ते आधीपासूनच असतील. पण बाद म्हणजे बाद. फॉर्म भरताना मी हे विसरले होते असं सांगायला मला फार आवडलं असतं.

तिने तपासणी तीनदा केली. तीनदा तेच. मग विचारलं, "ग्यारह नंबर से दोबारा सैंपल मिलेगा?"

"ते गृहस्थ गावाला गेलेत," मी म्हटलं. थाप मारायची तर निदान पुरुषाच्या नावावर मारावी.

दोन आठवडे मी गप्प राहिले. जगाला शिस्त शिकवणारी बाई स्वतःच्या विद्यार्थिनीला घाबरत होती. ती मात्र दोन-दोन हातमोजे घालायला लागली, साबणाने हात घासघासून लाल करायला लागली. शेवटी एका दुपारी येऊन म्हणाली, "सारे हेल्दी सैंपल फेंक देती हूँ मैम. पता नहीं और कितने ख़राब किए होंगे मैंने. पापा कह रहे हैं बैंक की नौकरी का फॉर्म भर दूँ."

वर्षभराचं काम होतं ते. मी ड्रॉवर उघडला आणि यादी तिच्यापुढे सरकवली. अकराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"घेतल्या होत्या मी," मी म्हटलं. "दोन गोळ्या. आणि फॉर्म भरताना मला आठवत होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फाइलमधून माझा फॉर्म काढला, माझ्यापुढे ठेवला, पेन दिलं. मी 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं, खाली सही केली. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही. तिने फॉर्म परत घेतला, आणि मग स्वतःच्या लालभडक तळव्यांकडे पाहत राहिली.

"मतलब," तिने हळूच विचारलं, "मेरे हाथ ठीक हैं?"

"एकदम ठीक," मी म्हटलं, आणि बेसिनवरचा साबण उचलून ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला.