माझ्या नावावर त्याने टाकलेले बॉल

आमच्या विद्यार्थी संघटनेने बोगस क्रीडा प्रमाणपत्रांविरुद्ध पत्रक काढायचं ठरवलं आणि मजकूर माझ्यावर आला. पत्रकं मीच लिहितो. सुरुवातीला जळजळीत सवाल, मधे जाहीर निषेध आणि खाली 'आपले नम्र'. नम्र कोणीच नसतो. या वेळी अन्याय झालेला एक खरा खेळाडू हवा होता. तो मला माहीत होता. परतूरला मोंढ्याजवळ बी-बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर बसतो. वय एकतीस. निवृत्त बेसबॉलपटू.

निवृत्त हा शब्द त्याचाच. आपल्याकडे बेसबॉल कॉलेजं खेळवतात. कॉलेजची वयोमर्यादा संपली की माणूस निवृत्त होतो. त्याआधी मात्र तो पक्का व्यावसायिक होता. दर जूनमध्ये कुठल्या तरी कॉलेजचा क्रीडा शिक्षक मंठ्याजवळच्या त्याच्या गावी जायचा, चहा प्यायचा आणि त्याला उचलून न्यायचा. पगार असा नाही. फी माफ, होस्टेल, दोन वेळची मेस, बूट, ट्रॅकसूट. प्रवेश असल्याशिवाय खेळता येत नाही म्हणून प्रवेश घ्यायचा, आणि प्रवेश घेतला की कधी तरी पदवी हातात पडायची. त्याची आयुष्याची कमाई अशी: एक बी.ए., इतिहासातलं एक एम.ए., आणि लोकप्रशासनाचं अर्धं एम.ए. पहिल्या वर्षानंतर पंचविशी भरली आणि होस्टेलची खोली गेली.

"प्रशासन अर्धंच राह्यलं," तो म्हणाला, "म्हणून तर ऑफिसात गेलं की काही कळंना."

मी वही काढली. पदकं किती, विचारलं.

"एक. आंतरमहाविद्यालयीन, तिसरा नंबर."

"प्रमाणपत्र दाखवा ना दादा. पत्रकात फोटो टाकू."

"ते तुझ्याकडंच हाय की."

होतं. ज्या वर्षी तो आमच्या कॉलेजात आला, त्या वर्षी जूनऐवजी दिवाळीच्या तोंडावर आल्ता. संघाची यादी सप्टेंबरातच गेलेली. यादीत माझं नाव होतं, कारण सोळा नावं भरायची होती आणि माझं अक्षर चांगलं होतं. क्रीडा शिक्षक म्हणाले, आयकार्डावरचा फोटो कोणी बघत नाही. बघितला नाही. तो माझ्या नावाने मैदानात उतरला आणि मी जाळीमागे स्कोअरबुक घेऊन बसलो. त्याने एकेक गडी आऊट केला की मी माझ्याच नावापुढे नोंद करायचो. सुवाच्य अक्षरात. प्रमाणपत्र माझ्या नावाने आलं, आणि त्यावर मला लॉ कॉलेजात क्रीडा कोट्यातून जागा मिळाली.

पत्रकाच्या मसुद्यात यातलं काही नव्हतं. मसुद्याचं पहिलं वाक्य होतं: 'खऱ्या खेळाडूच्या ताटातला घास पळवणारे कोण?' त्याने ते शांतपणे वाचलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक तुरीचं बियाणं मागायला आलं. त्याने पिशवी दिली, पावती फाडली आणि मसुदा परत उचलला.

"चांगलं लिव्हलंस, वकीलसाहेब. उत्तर बी खाली लिव्ह."

मग त्याने काम सांगितलं. एका शाळेत कंत्राटी कोच घेत होते. पदकाचं प्रमाणपत्र लागत होतं. तो जालन्याच्या जिल्हा क्रीडा ऑफिसात जाऊन आल्ता. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे त्याने प्रतिज्ञापत्र दिलं तर बघू, असं त्याला सांगितलं होतं.

"देतो का लिहून?"

"दादा, माझं शेवटचं वर्ष आहे. ॲडमिशन जाईल."

"जाईल."

"आणि तुमच्यावर बी कारवाई होईल. दुसऱ्याच्या नावावर खेळलात. मंग कोचची नोकरी तर लांबच."

"म्हाईत हाय."

"मग कशाला?"

"कारवाई करायची म्हणल्यावर त्यांना लिव्हावं लागंल का न्हाई, का बॉल म्या टाकले म्हणून?"

मी वही मिटली.

आठ दिवस मी परतूरकडे फिरकलो नाही. त्या आठवड्यात दोन सभांत बोगस खेळाडूंविरुद्ध बोललो. दुसऱ्या सभेत टाळ्या जास्त पडल्या. त्या ऐकवेनात म्हणून स्टॅम्प पेपर घेतला आणि दोन पानांचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. शोषण, व्यवस्था, ग्रामीण गुणवत्तेची हत्या. त्याने काउंटरवरचं पेन घेऊन सगळ्यावर रेघ मारली.

"हे तुझं पत्रक झालं. फक्त लिव्ह, बॉल त्यानं टाकले, मी टाकले न्हाईत."

ते एवढंच नोटरी करून आम्ही दोघं जालन्याला गेलो. क्लार्कने कागद उलटा-सुलटा केला.

"यात तक्रारदार कोण?"

"कोणी न्हाई," तो म्हणाला.

"आरोपी?"

"आम्ही दोघं."

"असं कसं चालंल? रजिस्टरला दोन्ही रकाने भरावे लागतेत."

शेवटी क्लार्कने दोन्ही रकान्यांत आमची दोघांची नावं लिहिली.

माझा प्रवेश रद्द झाला. बरोबरच झालं. चुकीचं हे, की ती यादी करणारे क्रीडा शिक्षक आज निवड समितीवर आहेत आणि त्यांना साधी नोटीस नाही. मी पत्रक नव्याने लिहिलं, पहिलं नाव माझं, दुसरं त्यांचं. संघटनेने छापलं नाही. चळवळीचं नुकसान होतं, म्हणाले. मी स्वतः झेरॉक्स काढून परतूर आणि मंठ्याच्या आठवडी बाजारात वाटलं. लोकांनी त्यात भजी खाल्ली.

कोचची जागा दुसऱ्याला गेली. त्याला पाच वर्षं सर्व स्पर्धांत खेळायला बंदी आली. खेळ सोडून त्याला सहा वर्षं झालेली. बंदीचं पत्र त्याने लॅमिनेशन करून दुकानात बियाण्यांच्या परवान्याशेजारी लावलंय.

परवा माझ्यासमोर एका शेतकऱ्याने विचारलं, "हे कशाचं बक्षीस हाय, भौ?"

त्याने चष्मा लावला आणि मधलं एकच वाक्य बोट ठेवून वाचून दाखवलं: "सदर खेळाडूने स्पर्धेतील सर्व सामन्यांत पिचर म्हणून गोलंदाजी केल्याचे निष्पन्न झाले आहे."

"सगळ्या सामन्यांत?" शेतकरी म्हणाला.

"सगळ्या."