पंचफुलाचा डबा

श्रावणात आमची मंडळी गेली. पंचफुला. पोरगी शिल्पा लातूरला दिलेली हाय, ती म्हणली, बाबा, आईचं काहीतरी लिहून ठेवा, लेकरायला कळंल. मला बोलतो तसंच लिहिता येतं, तसंच लिहून राहिलो.

उमरीकडच्या खेड्यातून आम्ही नांदेडला आलो तवा तिला ह्या गल्लीचं लई भ्याव वाटायचं. समोर नफीसाभाभी, बाजूला सरदारजीचं घर, कोपऱ्यावर तेलगू लोकं. कुणाशी काय बोलावं तिला कळायचंच न्हाई. मग ईद आली. भाभीनं शिरखुर्मा दिला. हिनं पातेलं घासलं, त्यात धपाटे घातले न् देऊन आली. भांडं रिकामं परत करायचं न्हाई, हे तिचं पक्कं. तिथून जे सुरू झालं ते झालंच. शिखायच्या हल्लाबोल मिरवणुकीला सरदारजीकडून कडा प्रसाद, तेलगू लोकायच्या बतुकम्मा सणाला कोपऱ्यावरून मलीदा, हिच्या पुरणपोळ्या सगळीकडं. घरात कुणाचं ना कुणाचं भांडं असायचंच.

मी म्हणायचो, "तुझ्यापेक्षा ह्या भांड्यायला गल्ली जास्त ठाऊक हाय."

ती म्हणायची, "तुम्हाला तर भांड्याइतकी बी न्हाई."

सणापेक्षा तिला सणाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार आवडायची. मिरवणूक होऊन गेलेली, गल्ली झोपलेली. ती उंबऱ्यात बसून लोकायची भांडी पुसायची. मी बाजूला बसायचो.

आता वरीसभर घरात सण न्हाई. चुलीवर कढई चढत न्हाई. लोकं विसरले न्हाईत. दसऱ्याला, दिवाळीला सगळ्यायनं आणून दिलं. पण हॉटेलवाले देतात तसल्या प्लास्टिकच्या डब्यात. भाभी म्हणल्या, "भाईसाब, डब्बा वापस देने की फिकीर नक्को करो. खाके फेक देव."

मायेनंच म्हणल्या. मला कुठं रांधता येतं, म्हणून. मी खाल्लं, डबा फेकला. मग कुणाच्या दारात जायला कामच उरलं न्हाई. लोकं येतात, ठेवतात, जातात. मी जात न्हाई.

शिल्पाचा फोन येतो. "बाबा, तिथं कोण हाय आता तुमचं? लातूरला या." मी म्हणतो, बघू.

यंदा पाडवा झाला की लगीच ईद आली. पाडव्याला आमच्या दारात गुढी न्हाई. दिवसभर दार लोटून बसलो. ईदच्या दिवशी सकाळी उठून शेंगा भाजल्या, मला तेवढंच येतं. निम्म्या करपल्या. चांगल्या निवडल्या न् हिच्या माहेरच्या स्टीलच्या डब्यात भरल्या. डब्यावर तिचं नाव घातलेलं हाय. भाभीनं काही आणायच्या आत मीच त्यायच्या दारात गेलो.

"अरे भाईसाब, ये कायकू?"

भाभीला मराठी वाचता येत न्हाई. पण डबा वळखला. नावावरून बोट फिरवलं. मग म्हणल्या, "ठैरो, शिरखुर्मा लेके जाव," न् आतून प्लास्टिकचा डबा घेऊन आल्या.

"तो नको भाभी," मी म्हणलो. "ह्याच डब्यात द्या. आज न्हाई. शेंगा सरल्यावर."

भाभीनं प्लास्टिकचा डबा बाजूला ठेवला. हिचा डबा आत घेऊन गेल्या.

आज ईदच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. गल्ली गप हाय. उंबऱ्यात एकटाच बसून हे लिहून राहिलो. डबा अजून आला न्हाई.

शिल्पा, मी इतक्यात लातूरला येत न्हाई. तुझ्या आईचा डबा समोरच्या घरी हाय.