कडी नसलेलं कार्यालय

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी राजीनामा लिहीत होतो. नेहमीसारखाच... मायना झाला होता, पुढचं सुचत नव्हतं.

दादा कांबळे मूळचे शिरोळचे. कोल्हापुरात कोर्टामागच्या गल्लीत त्यांचं कन्नड-मराठी भाषांतराचं कार्यालय होतं. घराण्यानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि दादांनी बुद्धाचा धम्म भिंतीवर न टांगता थेट धंद्याला लावलेला. राग आला की भाषांतर करायचं नाही. पेनाला टोपण घालायचं, बाहेरच्या माठातलं पाणी पिऊन यायचं. झालेला मजकूर गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा. तो जे बोललाच नाही असं काही निघालं, तर कागद फाडायचा. आणि कशालाही धरून ठेवायचं नाही, म्हणून दाराची कडीसुद्धा काढून टाकलेली! कागद ते संध्याकाळी पिशवीतून घरी न्यायचे.

मी तत्त्वज्ञानाचा पदवीधर. पुण्यात प्राध्यापकी मिळेपर्यंत म्हणून तिथं टेकलो आणि अडकलो. त्या खोलीत जीव घुसमटायचा. राग मला दर ओळीला यायचा, त्यामुळे गल्लीतली माणसं मला पाणक्या समजत. एकदा पुण्याहून बोलावणं आलं. मी भांडायची जय्यत तयारी करून दादांपुढं उभा राहिलो.

"दादा, मी चाललो."

"जा की. कुणी धरलंय?"

आता या माणसाशी भांडायचं कसं? धरलं असतं तर हिसडा मारून सुटलो असतो. मग ठरवलं, यांनीच मला हाकललं पाहिजे. त्याच दिवशी हुपरीचे एक चांदीवाले आले. बेळगावच्या व्यापाऱ्याला कन्नडमध्ये कळवायचं होतं, "माल परत धाडा, एवढंच लिवा." मी त्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. दादांनी शांतपणे सगळं वाचून मराठीत सांगितलं. चांदीवाल्यांनी मांडीवर थाप मारली, "आयला, ह्ये तर माझ्या पोटातलं! ह्या गड्याला सोडू नगा, दादा!"

"पोटातलं आसंल, पावणं. तोंडातनं न्हाय आलं," म्हणत दादांनी कागद फाडला.

मी ओरडलो, "मला काढून टाका!"

"ठिवलंय कुठं तुला, काढायला? टोपण घाल."

पाणी पिऊन परत आलो, तर माझ्या जागेवर कोरा कागद मांडलेला. बसलो लिहायला... पुणं राहिलं ते राहिलंच.

आता दादांना जाऊन महिना झाला. त्यांची लेक म्हणाली, "काका, बंद करायचं तर करा. आमचं काही म्हणणं न्हाय." बापाचीच लेक! मी हट्टानं कुलूप आणलं, कडी बसवायला सुतार बोलावला. त्यानं दार पुढं-मागं करून बघितलं.

"आतनं ठोकू का भायेरनं?"

साधा प्रश्न. पण मला असा काही संताप आला... सुताराचा, दादांचा, त्या उघड्या दाराचा. हातातल्या पेनाला टोपण घातलं आणि बाहेर माठाकडे गेलो.

माठ काठोकाठ भरलेला होता. सकाळी मीच भरला होता.