भिंतीपलीकडचा कान

हिंगोलीहून कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि मागे, एका भिंतीपलीकडे, घर. हळद शिजवायचे कुकर बनवणं हा मुख्य धंदा. जाड पत्रा कापायला प्लाझ्मा कटर घेतला, तेव्हा विकणाऱ्याने बजावलं होतं की ज्योत निघते त्या टॉर्चच्या तोंडाचं नोझल आणि त्याच्या आतला इलेक्ट्रोड झिजतात, ते वेळेवर बदला. ती वेळ ओळखायची कशी, हे मात्र त्याने माझ्या नशिबावर सोडलं.

ती वेळ माझी बायको ओळखायची. टॉर्चला तिने कधी हात लावला नाही, तिला त्या ठिणग्यांचा रागच होता. पण मी कानात कापसाचे बोळे कोंबून काम करायचो आणि ती भिंतीपलीकडे भाकरी थापत असायची. नोझल नवं असलं की आवाज एकसारखा, ताणलेला येतो. झिजलं की तो फाटतो, मधेच फुरफुरतो. असं झालं की ती पिठाच्या हाताने भिंतीवर थापा मारायची. भिंतीला टेकवलेले पत्रे थरथरताना दिसले की मी समजायचो, बाईसाहेबांनी थांबायला सांगितलंय.

मी चिडायचो. अजून अर्धा दिवस चाललं असतं, तुला काय कळतं, असं सगळं बोलून घ्यायचो आणि मग नोझल काढून बघायचो. त्याचं गोल भोक एका बाजूला ओघळलेलं असायचं. ती दारात उभी राहून बघायची आणि एक शब्द न बोलता भाकरीकडे परत जायची. ते न बोलणं मला जास्त झोंबायचं.

मग मुलगी बाळंत झाली आणि ही पुण्याला गेली. सव्वा महिन्यात येते म्हणाली होती. पुढे मुलीची नोकरी सुरू झाली, लेकरू आजीशिवाय राहीना, आणि हिचं येणं लांबत गेलं. शेवटी म्हणाली, हळदीच्या हंगामाला नक्की येते. मी त्या शब्दावर दिवस काढत होतो.

तोवर आपला हात जगन्नाथ. सुरुवातीला इलेक्ट्रोड इतका वापरला की टॉर्चचं तोंडच जळालं. त्यानंतर डोळ्यांनी बघायला शिकलो. काप रुंद व्हायला लागतो, कड तिरकी येते, पत्र्याच्या खालून वितळलेल्या लोखंडाचं कीट चिकटून बसतं आणि हातोडीनेही लवकर सुटत नाही. ज्योतीत हिरवी झाक दिसली की इलेक्ट्रोड खोलून बघायचा, त्याच्या मध्यावर खड्डा पडलेला असतो. सगळं जमायला लागलं. संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद केला की दुकानात जी शांतता यायची, ती काही जमेना. स्वयंपाकघरात मी दिवाही उशिराच लावायचो, कारण लावला की तिथं कुणी नाही हे दिसायचं.

आमच्याकडे कुकर न्यायला शेतकरी जोडीने येतात. बाई आधी कुकरला हळदकुंकू लावते, मग दुकानाच्या मालकिणीला. यंदाच्या हंगामातलं पहिलं जोडपं हट्टा गावचं होतं. कुकर ट्रॉलीत चढला, त्याला कुंकू लागलं, आणि ती बाई करंडा घेऊन घराच्या दाराशी गेली. मालकीण लेकीकडे गेलीय, असं मी सांगितलं. ती क्षणभर घुटमळली, चौकटीलाच कुंकू लावलं आणि ट्रॉलीत जाऊन बसली. मला एकदम फार एकटं वाटलं. हंगाम सुरू झाला होता आणि ही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एक पोरकट उद्योग केला. भंगारात टाकलेलं एक झिजकं नोझल शोधून टॉर्चला चढवलं आणि बायकोला फोन लावला. वाटलं, ती तो फाटका आवाज ऐकेल, काहून जीव घेऊन राहिले त्या मशीनचा म्हणून ओरडेल, आणि त्या ओरडण्याच्या आधाराने मला तिला बोलावता येईल. नुसतं ये म्हणायची सवय आम्हा दोघांनाही नाही. जरा मशीन ऐक, एवढंच तिला सांगितलं. फोन खिडकीत ठेवला, कानात कापूस न घालता टॉर्च चालवली. माझ्याही कानाला कळेल इतका आवाज चिरकत होता. काप वाकडा गेला, खाली कीट लोंबायला लागलं.

फोन उचलला तेव्हा पलीकडे नातू रडत होता आणि ती त्याला थोपटत होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "बराबर चालू हाये."

असे आवाज फोन गाळून टाकतो म्हणतात. तसंही असेल. मी काही म्हणायच्या आत तीच पुढे बोलली, आणि तिच्या बोलण्यात ओझं उतरल्याचं सुख होतं.

"मला लय घोर होता तुमचा. हंगामाला येनं व्हनार न्हाई, हे कसं सांगावं समजून न्हाई राहिलं होतं. पन तुमी तर एकटे बराबर करून राहिले. आता माझी तकलीफ न्हाई तुमाला."

समोर पत्र्याची तिरकी कड अजून लाल होती. तू ये, एवढंच म्हणायला मी फोन लावला होता.

"व्हय," मी म्हणालो. "जमतं आता."