बाळंतविड्यात दिलेली वीज

पहिलं बाळंतपण माहेरी. ह्यात चर्चा करण्यासारखं काय आहे हे मला अजूनही कळलेलं नाही. लेकीने फोनवर गोड बातमी दिली, मी रडले, आमचे हे रडले, आणि डोळे पुसून होताहेत न होताहेत तोच मी म्हटलं, "वरची मागची खोली तुझी. उद्याच रंगाऱ्याला बोलावते."

मग ती म्हणाली, "आई, मी घरीच राहणार आहे. म्हणजे आमच्या घरी. तूच ये ना इकडे."

घर म्हणे! ते घर म्हणजे वेम्बलीजवळ कालव्यात बांधून ठेवलेली एक लोखंडी बोट. लांबीला काही कमी नाही, पण रुंदी अशी की मधोमध उभं राहून मी दोन्ही हात पसरले तर एक हात भिंतीला टेकतो आणि दुसरा थोडक्यात हुकतो. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे मागे चालत बेडरूमपर्यंत जायचं. लग्नानंतर दोघांनी ती विकत घेतली. लंडनमध्ये फ्लॅट घ्यायला पैसे कोणाकडे आहेत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. पुण्याला माझ्या नणंदेला सांगितलं की लेक कालव्यावर राहते, तर ती नुसतं "कालव्यावर?" म्हणाली आणि तिने हवापाण्याच्या गप्पा काढल्या. पुण्यात कालव्याकाठी राहतो असं कोणी कौतुकाने सांगत नाही.

बरं, त्या बोटीत वीज नाही. अगदी अंधार होता असं नाही. टपावर सोलर पॅनल, खाली बॅटऱ्या, त्यावर दिवे लागायचे, फोन चार्ज व्हायचे. पण मिक्सर? नाही. हीटर? नाही, लाकडं जाळायची शेगडी. गरम पाणी हवं असेल तर इंजिन सुरू करा आणि वाट बघत बसा. कपडे धुवायला पिशव्या उचलून लाँड्रेटला. आणि बाळ येणार होतं ऐन जानेवारीत!

"विजेशिवाय मी बाळंतपण करणार नाही," मी सांगून टाकलं. "काठावरून वीज घ्या, नाहीतर मुकाट्याने इकडे आमच्याकडे बेसिंगस्टोकला या."

काठावरच्या खांबातून केबल टाकून बोटीत वीज आणता येते, त्याला शोअर पॉवर म्हणतात, ही माहिती ह्यांची. आयटीतून रिटायर झाल्यापासून हे कुठल्याही विषयावरचे फोरम वाचतात. आमच्या बॉयलरवर वाचून झालं होतं, माझ्या गुडघ्यांवर वाचून झालं होतं, आता बोटी सुरू झाल्या. ह्यांनीच सांगितलं की बोटीत वीज घेणं भलतं महाग पडतं, म्हणून पोरांनी आजवर घेतली नाही. हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! महाग असेल तर उत्तमच. आकडा ऐकला की पोरगी आपोआप घरी येईल, मला तोंड वाजवायलाही नको.

म्हणून इलेक्ट्रिशियन बघायला येणार होता त्या दिवशी मी मुद्दाम बोटीवर हजर राहिले, चकल्यांचा डबा घेऊन. दाढीवाला, ऐसपैस माणूस, फक्त बोटींचीच कामं करणारा. त्याची एक सवय होती. कुठलीही फळी उघडून आत डोकावला की दातांतून सूं करून हवा आत ओढायचा आणि मान हलवायचा. प्रत्येक सूं म्हणजे खर्च, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"वायरिंग बरंच जुनं आहे," तो म्हणाला. सूं.

"अरेरे," मी म्हटलं आणि त्याच्यापुढे चकली केली.

"फ्यूज बॉक्स नवा लागेल." सूं. "चार्जरही बदलावा लागेल."

"नीट बघा हं, काही राहून जायला नको. सावकाश होऊ दे, आणखी चहा टाकते." लेक कोपऱ्यात पोटावर हात ठेवून उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चकल्यांच्या डब्यात डोकं घातलं.

मग त्याने खरी गंमत सांगितली. "तुम्ही त्या खांबाला जोडून घेतलंत," तो म्हणाला, "की शेजारच्या बोटी तुमची बोट खायला लागतील."

आम्ही सगळेच दचकलो. मग त्याने समजावलं. सगळ्या बोटी काठाला जोडल्या की अर्थिंगच्या वायरमधून त्या एकमेकींनाही जोडल्या जातात. पाण्यातून बारीकसा करंट फिरत राहतो आणि आपल्या बोटीचा लोखंडी तळ गुपचूप झिजतो. ते होऊ नये म्हणून मध्ये एक डबा बसवायचा. त्याचं नाव गॅल्व्हानिक आयसोलेटर. जावयाने तीनदा प्रश्न विचारले, ह्यांनी फोरमचा दाखला दिला, मला मात्र एका झटक्यात पटलं. मी सोसायटीत वाढलेली बाई. शेजाऱ्यांशी संबंध ठेवावेत, पण मध्ये काहीतरी बसवलेलं असावं, एवढं मला कोणी शिकवायला नको.

"स्वस्तातला नको," मी म्हटलं. "चांगल्यातला चांगला लावा."

आठवड्याभरात त्याचा आकडा आला. ह्यांनी तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. दोन हजार पौंडांच्या वर. शिवाय विजेच्या खांबाजवळची जागा घ्यायची तर दर महिन्याचं भाडं जास्त. शिवाय तपासणीचं सर्टिफिकेट. आणि एवढं सगळं झाल्यावर जी वीज वापराल तिचे पैसे वेगळेच. "शुद्ध लुबाडणूक आहे ही!" हे चिडून म्हणाले. मी आमटी वाढली आणि रंगाऱ्याला फोन लावला. फिकट पिवळा, बाळाच्या डोळ्यांना त्रास नको.

दोन दिवसांनी लेकीचा फोन. "आई, आम्ही डिसाइड केलं. परवडत नाही. वीज नको."

"असू दे गं राणी," मी साखर पेरत म्हटलं. "अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. इथे खोली अगदी तयार..."

"नाही, नाही. आम्ही बोटीवरच राहणार. वी विल मॅनेज. शेगडी आहे ना. पूर्वी ह्या कालव्यावरच्या बायकांची डिलिव्हरी बोटीतच व्हायची."

मागून जावयाचा आवाज आला, "इट्स रिअली क्वाइट कोझी, आई!" जावई एडिनबराचा. गुणी मुलगा आहे, मला आई म्हणतो, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. पण डिसेंबरात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून हिंडतो, त्यामुळे त्याच्या कोझीवर माझा काडीचा विश्वास नाही.

फोन ठेवला आणि मी तिथेच जिन्यावर बसले. चांगलीच तोंडावर आपटले होते. मी जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, भल्याभल्यांना दहापर्यंत मोजायच्या आत झोपवलं, आणि माझ्या पोटच्या पोरीला काही मला वळवता येईना. वर बोट होती तशीच थंडगार, आणि त्या थंडीत माझं नातवंड यायचं होतं. तिथे मी जाणार नाही म्हणून घरी बसले असते का? शक्यच नव्हतं. ती माझी एकुलती एक आहे. तिच्या पाठीला तेल दुसऱ्या कोणी लावायचं, ह्या कल्पनेनेच माझा जीव कासावीस व्हायचा.

"आपण देऊ पैसे," मी ह्यांना म्हटलं.

"तू त्याला चकल्या चारत होतीस तेव्हाच मी सांगत होतो, हा खर्च आपल्याच अंगावर येणार," हे म्हणाले.

पण पोरगी पैसे घेईना. आम्ही आमचं बघू, तुमच्या रिटायरमेंटचे पैसे आहेत, वगैरे वगैरे. शेवटी मी आवाज चढवला. "पैसे कोण देतंय? हा बाळंतविडा आहे. बाळंतविड्याला नाही म्हणत नाहीत!"

तिला तो शब्दच माहीत नव्हता. त्यात काय काय असतं, तिने विचारलं.

"झबली, कुंची, दुपटी, वाळे. तुला साडी."

"आणि गॅल्व्हानिक आयसोलेटर," हे वर्तमानपत्रामागून म्हणाले. लेक इतकी हसली की तिला हो म्हणावंच लागलं.

डिसेंबर संपायच्या आत वीज आली. खांबापासून बोटीपर्यंत जाड निळी केबल, आत पांढरेशुभ्र सॉकेट. जानेवारीत नात झाली, हॉस्पिटलात, सगळं सुरळीत. दोघी घरी आल्या त्याच दिवशी मी बोटीत मुक्काम हलवला. मिक्सर, हीटर, किटली, बाटल्या उकळायचं यंत्र, डिंक, खारीक, बाळंतशेपा, आणि ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून तूप. ह्यांनी सगळं सामान काठावरून आत दिलं, नातीचे फोटो काढले आणि हे बेसिंगस्टोकला परतले. ह्यांना झोपायला तिथे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हीटर लावला, किटली लावली, बाटल्यांचं यंत्र लावलं, आणि खारका दळायला मिक्सरचं बटण दाबलं. खट्ट! सगळं बंद. हीटर गार, मिक्सर मुका, आणि नात जागी होऊन किंचाळायला लागली.

"आई!" बेडरूममधून लेक ओरडली. "एका वेळी एकच! सोळा अँपिअर आहे!"

"एवढे पैसे ओतून एका वेळी एकच?"

"आई, इट्स अ बोट!"

बंद पडलेलं बटण काठावरच्या खांबात. जावई कामावर गेलेला. मी गाऊनवर स्वेटर, स्वेटरवर शाल, पायात जावयाचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट अशी बाहेर पडले. पाऊस भुरभुरत होता. शेजारच्या बोटीतल्या आजोबांनी खिडकीतून मला बघून हात केला. मीही केला. आयसोलेटर बसवलेला होता, काळजी नव्हती.

माझ्या घरी मी कोणाला विचारून मिक्सर लावत नाही. इथे मात्र मी विचारायला लागले. "किटली लावू का गं?" "थांब, बाटल्या उकळून होऊ दे." "आता?" "आता लाव." अहो, रुसले नाही मी, पण आत कुठेतरी टोचायचं. ती दुपारी नातीला पोटाशी धरून निजायची तेव्हा मी डिंकाचे लाडू वळत तिच्याकडे बघत बसायचे. बाजूने मोठी बोट गेली की आमची बोट हलायची, माझ्या हातातला लाडू फुटायचा, आणि ही झोपेतच कुशीवर वळायची, जराही न दचकता. आमच्या घरी आली की तिला नीट झोप लागत नाही, असं ती नेहमी म्हणायची. मला ते नखरे वाटायचे. तिचं घर हेच होतं, आणि मी पाहुणी होते. ते कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू? पिवळ्या खोलीचं दार ह्यांनी बंदच ठेवलं होतं.

सव्वा महिना झाला. खरं तर ह्या दिवशी लेक निघायची, आणि आईने दारात उभं राहून डोळे पुसायचे. इथे बॅग माझी भरलेली. नातीच्या पायांचा दहादा पापा घेऊन झाला. हे न्यायला आले होते आणि काठावर उभे राहून किल्ली वाजवत होते.

"आई, थांब," लेक म्हणाली.

ती फळीवरून एक ताटली घेऊन आली. ताटलीत शेंडीचा नारळ, मगभर तांदूळ, आणि ब्लाउजपीसच्या जागी बाळाचं मलमलचं कापड, धुऊन चौकोनी घडी घातलेलं. मसाल्याच्या डब्यातली हळद, आणि कुंकू कुठून पैदा केलं होतं देव जाणे.

"तू माझी ओटी भरतेस ना, मी बेसिंगस्टोकहून निघते तेव्हा? आता तू निघालीस. सो."

"अगं वेडे, असं नसतं," मी म्हटलं. "निघताना आईची नाही भरत. जी माहेराहून निघते तिची भरतात."

"हो," ती म्हणाली. "तेच."

माझी आई जाऊन खूप वर्षं झाली. तिच्या मागोमाग पुण्याचं घरही गेलं. हळदीकुंकवाला बायका ओटी भरतात, ती वेगळी. पण कुठूनही निघताना मला थांब म्हणून कोणी माझी ओटी भरली नव्हती, आणि भरायची राहिली आहे हे माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. पदर पुढे करावा तर अंगात अनोरॅक, पावसातलं टोपीवालं जाकीट. मी त्याचाच घेर दोन्ही हातांनी धरला. तिने भुवईवर वाकडंतिकडं कुंकू लावलं, नारळ घातला, तांदूळ घातले, निम्मे खाली सांडले. एका हाताने घेर सावरत मी सांडलेले तांदूळ वेचायला लागले.

"अगं, किती वेळ?" काठावरून हे ओरडले. "चल ना आता!"

"थांबा हो जरा!" मी आतून ओरडले. "माहेराहून निघतेय मी!"